पहिला कॅसिओ घेताना: सीटी-एस३०० आणि त्यामागचं नाव

दुकानात येऊन ‘यामाहाचा कॅसिओ दाखवा’ म्हणणारं गिऱ्हाईक महाराष्ट्रात नवं नाही. दुकानदारही न अडखळता दाखवतो. शाळेच्या गॅदरिंगला, भजनी मंडळात, वसईच्या चर्चमधल्या गायकवृंदात, गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजो पथकात, जिथे जिथे पट्ट्यांचं विजेवर चालणारं वाद्य दिसेल त्याला लोक कॅसिओच म्हणतात, मग त्यावर नाव कुणाचंही असो. असं नाव जाहिरातींनी मिळत नाही. ज्या घरात आधी कुठलंच वाद्य नव्हतं, त्या घरात पहिलं वाद्य म्हणून जे आलं, त्याचं नाव पुढच्या सगळ्यांना चिकटलं.

या लेखात मुख्य परीक्षण सीटी-एस३०० या मॉडेलचं आहे. पहिला कीबोर्ड म्हणून आज कुणी विचारलं, तर त्याच्याभोवतीच बोलणं फिरतं. त्याच्या खालची आणि वरची मॉडेलं कधी घ्यावीत, तेही ओघात येईल.

आधी थोडं मागे जायला हवं. कॅसिओ ही काशिओ भावंडांची जपानी कंपनी गणकयंत्रांमुळे वर आली. चार भावांपैकी तोशिओ काशिओ यांना संगीताची ओढ होती. वाद्य शिकायला वर्षं न घालवलेल्या माणसालाही निरनिराळ्या वाद्यांचे आवाज हाताशी मिळावेत, हा त्यांचा ध्यास. त्यातून १९८० मध्ये कॅसिओटोन २०१ बाजारात आला. पट्ट्या ४९, आवाज २९. त्या काळात इलेक्ट्रॉनिक ऑर्गन म्हणजे घरातलं जड फर्निचर होतं, त्यामानाने हे यंत्र हलकं आणि परवडणारं निघालं. पुढच्याच वर्षी आलेल्या छोट्या एमटी-४० ची गोष्ट तर प्रत्येक वादकाला माहीत असावी. त्यातले तयार ठेके हिरोको ओकुदा या नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणीने बसवले होते. त्यातला ‘रॉक’ नावाचा एक ठेका १९८५ मध्ये जमैकात गायक वेन स्मिथ आणि निर्माते किंग जॅमी यांनी उचलून गाण्याखाली घातला, आणि तिथल्या रेगे संगीताला संगणकी वळण लागलं. बॅस वाजवणारा, ड्रम वाजवणारा, स्टुडिओ यांपैकी काहीच परवडत नसलेल्या पोरांच्या हातात एक बटण आलं, एवढंच काय ते घडलं. आपल्याकडेही पेटीवाला मिळत नाही, ढोलकीवाल्याची तारीख नाही, अशा वेळी कितीतरी छोटे ऑर्केस्ट्रा याच बटणावर उभे राहिले.

मधली बरीच वर्षं बाजूला पडलेलं ‘कॅसिओटोन’ हे नाव कंपनीने २०१९ मध्ये परत आणलं. सीटी-एस१००, २०० आणि ३०० ही त्या मालिकेतली स्वस्त भावंडं.

एस३०० हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो हलकेपणा. वजन ३.३ किलो, लांबी ९३ सेंटिमीटर, जाडी साडेसात सेंटिमीटरहूनही कमी. वरच्या कडेला धरायला मूठ आहे, त्यामुळे बॅग नसली तरी लोकलमध्ये एका हाताने नेता येतो. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या मांडीवर बसतो, सतरंजीवर पेटीच्या शेजारी मावतो. ६१ पूर्ण आकाराच्या पट्ट्या म्हणजे पाच सप्तकं आणि वरचा एक सा. ४०० आवाज, ७७ ठेके, ६० शिकाऊ गाणी. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच वॉटचे स्पीकर. सहा पेन्सिल सेलवर चालतो आणि चांगले अल्कलाइन सेल टाकले तर कंपनीच्या आकड्याप्रमाणे सुमारे १६ तास जातो. लोडशेडिंग असलेल्या गावात, देवळाच्या ओसरीवर, पहाटेच्या काकड्याला जिथे जवळ प्लगच नसतो, तिथे या सहा सेलचं मोल ४०० आवाजांपेक्षा जास्त आहे.

४०० या आकड्याला भुलू नका. त्यातले रोज लागतात ते दहा-बारा. पहिला पियानो, एखादा इलेक्ट्रिक पियानो, स्ट्रिंग्ज, पेटी, चर्चचा ऑर्गन, बासरी, बस्स. पियानो या किमतीला साजेसा आहे. मधल्या सप्तकात गोड, खालच्या सप्तकात स्पीकर लहान पडल्यामुळे पोकळ. हेडफोन लावला की तोच आवाज भरीव वाटतो, म्हणजे दोष आवाजात कमी आणि स्पीकरात जास्त. व्हायोलिन आणि ट्रम्पेट मात्र कानाला खोटे लागतात आणि हेडफोननेही सुधारत नाहीत.

एस२०० आणि एस३०० यांतला फरक नीट समजून घ्या, कारण दुकानात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. दोन्ही दिसायला सारखे, आवाज आणि ठेके सारखेच. पण २०० मध्ये टच रिस्पॉन्स नाही. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. ३०० मध्ये पट्टी किती वेगाने खाली गेली ते मोजलं जातं आणि त्यानुसार आवाज लहान-मोठा होतो. पियानोच्या अंगाने शिकणाऱ्याची बोटं पहिल्या वर्षात घडतात. त्या वर्षात सगळे सूर एकाच जोराने ऐकले, तर हलकं वाजवणं म्हणजे काय हे कानाला कधी कळतच नाही. शिवाय ३०० ला डाव्या बाजूला पिच बेंडचं चाक आहे. बासरी किंवा सतारीच्या आवाजात मींड काढायची तर त्याला पर्याय नाही. थोडे पैसे वाचवून २०० घेणारे बहुतेक जण दीड-दोन वर्षांत तो विकतात. एस१०० तर याहून उतरता, १२२ आवाजांचा. तो निव्वळ सूर ओळखायला ठीक.

आणि मुलाला ‘आधी लहान घेऊन बघू’ म्हणून एसए-४६ सारखा छोटा घेणाऱ्यांसाठी: त्यात ३२ पट्ट्या आहेत, त्याही बारीक. एकावेळी आठच सूर वाजतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला खेळायला उत्तम, पण क्लासला पाठवायचं असेल तर नको. बारीक पट्ट्यांवर बोटांना अंतराची जी सवय लागते ती मोठ्या पट्ट्यांवर सगळी मोडावी लागते.

आता पेटीवाल्यांच्या आणि भजनी मंडळांच्या कामाची गोष्ट. टच रिस्पॉन्स चांगला म्हटलं, पण पेटीचा किंवा ऑर्गनचा आवाज लावलात की तो बंद करा. खऱ्या पेटीत जोर भात्याचा असतो, पट्टी कशीही दाबली तरी सूर तेवढाच राहतो. टच चालू ठेवून पेटी वाजवली की जलद तानेत मधले सूर गळल्यासारखे ऐकू येतात, आणि लोक म्हणतात कॅसिओचा पेटीचा आवाज वाईट. आवाज ठीकठाक आहे, सेटिंग चुकलेलं असतं.

गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा सा कुठल्या सुरावर हे, बदललं की ट्रान्सपोज, म्हणजे बोटं तीच ठेवून सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणं. पांढरी एकपासून, म्हणजे सी या सुरापासून, शिकलेला माणूस काळी एकला वाजवायला ट्रान्सपोज अधिक १ करतो, पांढरी दोनला अधिक २, काळी दोनला अधिक ३, पांढरी चारला अधिक ५. काळी चारला उणे ४ आणि काळी पाचला उणे २ केलं की सूर खालच्या अंगाने येतात आणि पुरुष आवाजाला बरे बसतात. एस३०० मध्ये हे उणे १२ ते अधिक १२ पर्यंत जातं. मात्र ट्रान्सपोज लावून बसलात तर शेजारच्या गिटारवाल्याला ते आधीच सांगा. तुम्ही सी म्हणाल आणि वाजत असेल जी शार्प.

यातला खरा धोका वेगळाच आहे. यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं की ट्रान्सपोज शून्यावर येतो. सेल उतरलेले असताना ऐन रंगात जोरदार बॅस वाजला, व्होल्टेज क्षणभर खचलं आणि कीबोर्ड आपोआप बंद-चालू झाला, तर पुढची ओळ थेट दुसऱ्या पट्टीत सुरू होते. तसंच बराच वेळ हात लावला नाही की यंत्र वीज वाचवायला स्वतःहून बंद होतं, साधारण अर्ध्या तासाने. कीर्तनात बुवांचं निरूपण रंगलं की अर्धा तास सहज जातो. मॅन्युअलमध्ये ऑटो पॉवर ऑफ बंद करायची कृती दिलेली असते, ती कार्यक्रमाआधीच करून ठेवा. आणि नवीन पद सुरू करण्याआधी पडद्यावरचा ट्रान्सपोजचा आकडा एकदा बघायचाच, हा नियम हाताला लावून घ्या.

पेटी आणि कॅसिओ एकत्र वाजवायचे असतील तर नुसता ट्रान्सपोज पुरत नाही. पेटीचे पितळी सूर वर्षागणिक सरकतात आणि सगळ्या पेट्या ४४० हर्ट्‌झवर लावलेल्याही नसतात. अशा वेळी ट्यूनिंग वापरा. ते ४१५.५ पासून ४६५.९ हर्ट्‌झपर्यंत ०.१ च्या पावलांनी सरकतं. पद्धत अशी: पेटीवाल्याला मधला सा एकाच रांगेवर, बाकीचे खटके बंद करून, धरून ठेवायला सांगा. कॅसिओवर पेटीचाच आवाज लावून तोच सा धरा. दोन्ही एकत्र ऐकलं की आवाजात वां-वां-वां असे हेलकावे येतील. ट्यूनिंग एका बाजूला सरकवत न्या. हेलकावे सावकाश होत थांबले की सूर जुळला. वेग वाढला तर उलट बाजूला जा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे कितीतरी मंडळांत ‘कॅसिओ बेसूर आहे’ असं ठरून तो माळ्यावर जातो.

एवढं करूनही शास्त्रीय कानाला शुद्ध गंधार टोचेल. कॅसिओवर मधला सा २६१.६ हर्ट्‌झचा आणि गंधार ३२९.६ चा आहे, कारण बारा सूर समान अंतरावर वाटलेले आहेत. तानपुऱ्यात आपोआप उमटणारा गंधार साच्या बरोबर सव्वापट, म्हणजे ३२७ असतो. फरक अडीच हर्ट्‌झचा, पण तानपुऱ्यासोबत तो गंधार दाबून धरलात तर वरच्या स्वरांशांत, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणाऱ्या बारीक सुरांत, सेकंदाला दहाएक कंप ऐकू येतात. हा कॅसिओचा दोष नाही; याच वाटणीत लावलेल्या पेटीतही हेच होतं. म्हणून यमन-भूपाचा रियाज नुसत्या कीबोर्डवर करू नये. सूर ओळखायला वापरा, सूर लावायला तानपुरा ठेवा.

ठेक्यांमध्ये दादरा, केरवा, भजन, भांगडा असे भारतीय प्रकार आहेत. इथेही एक खुबी आहे. ठेका लावताना अकम्पनिमेंट चालू असेल तर डाव्या हाताच्या कॉर्डप्रमाणे, म्हणजे एकत्र दाबलेल्या सुरांप्रमाणे, बॅस, गिटार सगळं वाजायला लागतं. भीमपलासमधल्या अभंगाखाली सी मेजर वाजला की कोमल गंधाराशी सरळ भांडण होतं. अकम्पनिमेंट बंद करा, म्हणजे ठेक्यातलं फक्त तालवाद्य उरतं. डाव्या हाताने सा आणि प धरून ठेवा, उजव्या हाताने चाल. याने भजन स्वच्छ उभं राहतं. ‘भजन’ नावाच्या ठेक्याकडून मात्र पखवाज-टाळाच्या वारकरी चालीची अपेक्षा ठेवू नका, ती द्रुत लयीत टाळांनी जशी चढते तशी यंत्राने चढत नाही. हरिपाठाला ठेका न लावणंच बरं.

फिल्मी गाणी किंवा भावगीतं वाजवणाऱ्यांसाठी अकम्पनिमेंट हीच खरी गंमत. नवशिक्यांसाठी कॅसिओने ‘कॅसिओ कॉर्ड’ नावाची सोपी पद्धत ठेवली आहे. एक पट्टी दाबली की मेजर, तिच्या उजवीकडची कुठलीही आणखी एक दाबली की मायनर, आणखी दोन दाबल्या की सेव्हन्थ, आणखी तीन दाबल्या की मायनर सेव्हन्थ. पहिल्याच दिवशी गाणं उभं राहतं आणि मुलाचा उत्साह टिकतो. पण ही कुबडी महिन्याभराच्या वर वापरू देऊ नका. पुढे त्याला सी मायनरमध्ये कुठले तीन सूर असतात हे माहीत नसतं, आणि दुसऱ्या कुठल्याही वाद्यासमोर बसला की हात रिकामा पडतो. महिन्याने फिंगर्ड मोडवर आणा, म्हणजे कॉर्डचे सगळे सूर त्याला स्वतः दाबावे लागतील. आठवडाभर कुरकुर होते, मग बोटं जागा शोधतात.

एकावेळी जास्तीत जास्त ४८ सूर वाजू शकतात. ऐकायला भरपूर वाटतं, पण काही आवाज आतून दोन-दोन थरांचे असतात, ठेका आणि अकम्पनिमेंटही त्याच ४८ मधून आपला वाटा घेतात. सूर लांबवणारं सस्टेन पेडल दाबून ठेवून भराभर कॉर्ड बदलले की जुने सूर तुटल्यासारखे गायब होतात. यंत्र बिघडलेलं नसतं. पेडल प्रत्येक कॉर्डला उचलायची सवय लावा. पेडल दुसऱ्या कंपनीचं घेतलंत आणि ते उलटं चाललं, म्हणजे न दाबता सूर लांबायला लागले, तर त्याची पोलॅरिटी वेगळी आहे. बाजूला पोलॅरिटीचा छोटा स्विच असलेलं पेडल घेतलं की प्रश्न मिटतो.

मागच्या बाजूला मायक्रो यूएसबी आहे. मोबाइल किंवा कॉम्प्युटरला वेगळा ड्रायव्हर न टाकता जोडता येतो, पण त्यातून फक्त मिडी, म्हणजे कुठली पट्टी कधी दाबली याच्या सूचना, जातो; आवाज जात नाही. रेकॉर्डिंगवर नुसती शांतता आली म्हणून यूएसबीच्या केबली बदलत बसणारे पुष्कळ. आवाज हवा तर हेडफोनच्या भोकातून घ्यावा लागतो.

आणि मंडपात कॅसिओ साउंडवाल्याला देताना होणारी सगळ्यात मोठी चूक याच भोकात आहे. ते साडेतीन मिलिमीटरचं स्टिरिओ आहे. साउंडवाला हाताला येईल ती केबल लावतो, स्टिरिओ पिनेपासून थेट माइकच्या तीन टाचण्यांच्या एक्सएलआरला जोडलेली. मिक्सर त्या दोन तारांमधला फरक तेवढा घेतो. डाव्या-उजव्या दोन्हीत सारखं असलेलं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं, आणि स्पीकरमधून येतो पातळ, लांबून आल्यासारखा, बॅस नसलेला आवाज. मग इक्वलायझर फिरवत बसतात, सुधारत काहीच नाही. योग्य केबल म्हणजे एका बाजूला साडेतीनची स्टिरिओ पिन, दुसऱ्या बाजूला दोन मोठ्या मोनो पिना, मिक्सरच्या दोन लाइन चॅनलमध्ये. एकच चॅनल रिकामा असेल तर एक पिन लावा, दुसरी मोकळी सोडा. कॅसिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवा आणि बाकीचं मिक्सरवर वाढवा. गूं असा सतत आवाज आला तर अॅडॉप्टर काढून सेलवर चालवून बघा. आवाज गेला तर दोष विजेच्या अर्थिंगचा आहे, वाद्याचा नाही. त्या दिवशी सेलवरच कार्यक्रम उरका.

सेल घेताना साधे स्वस्त नकोत, अल्कलाइन घ्या किंवा निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल. नवे-जुने एकत्र करू नका. महिनाभर वाजवणार नसाल तर काढून ठेवा; फुटलेल्या सेलचं पाणी स्प्रिंगा खातं आणि मग यंत्र फक्त अॅडॉप्टरवर चालतं.

अॅडॉप्टर हा तर जास्तीत जास्त कॅसिओंचा जीव घेणारा भाग. एस३०० चा अॅडॉप्टर ९.५ व्होल्टचा आहे. जुन्या मॉडेलांसोबत मिळणारा एडी-५ हा ९ व्होल्टचा होता आणि त्याची मधली टाचणी उणे असायची, तर आज घरात पडलेले बहुतेक अॅडॉप्टर मधे अधिक असलेले. ‘बसतोय ना’ म्हणून सेट-टॉप बॉक्सचा किंवा राउटरचा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर खुपसला तर आतला व्होल्टेज सांभाळणारा भाग जळू शकतो. कमी अँपिअरचा लावला तर यंत्र जळत नाही, पण आवाज वाढवला की घरघर येते आणि यंत्र पुन्हा-पुन्हा सुरू होतं. कीबोर्डच्या मागे भोकाशेजारी एक गोल आणि अधिक-उणे असं चिन्ह छापलेलं असतं, तेच चिन्ह अॅडॉप्टरवर आहे का हे बघूनच लावा. मूळचा अॅडॉप्टर हरवला तर त्याच क्रमांकाचा मागवा, इथे काटकसर नको.

आता ज्या कारणाने कॅसिओ इतकी वर्षं घराघरांत टिकला, ती दुरुस्ती. दोन-तीन वर्षांनी एखादी पट्टी मुकी होते, किंवा हळू दाबली तरी जोरात ओरडते. दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच. प्रत्येक पट्टीखाली रबराचा छोटा घुमट असतो, त्याच्या आत काळ्या कार्बनच्या दोन टिकल्या. पट्टी खाली जाताना पहिली टिकली आधी टेकते, दुसरी नंतर, आणि या दोन टेकण्यांमधल्या वेळावरून जोर ठरतो. एका टिकलीखाली धूळ किंवा ओल बसली की हिशेब बिघडतो. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेमुळे हे लवकर होतं, पुण्या-नाशकात धुळीमुळे.

उघडायची रीत साधी आहे, घाई मात्र नको. सेल आणि अॅडॉप्टर काढा. मऊ टॉवेलवर कीबोर्ड पालथा घाला. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर कीबोर्डचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या भागाला आरपार भोक पडतं. झाकण उचलताना स्पीकरच्या तारा आणि चपटी रिबन केबल आत अडकलेली असते, ओढू नका. पट्ट्या एकेकट्या सुट्या निघत नाहीत, बऱ्याच मॉडेलांत पांढऱ्यांचे आणि काळ्यांचे कंगव्यासारखे जोडसंच असतात. म्हणून एक पट्टी मोडली तरी पूर्ण संच मागवावा लागतो. पट्ट्या काढल्या की रबराच्या लांब पट्ट्या दिसतात. त्या हळूच वर उचला, साध्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून बोटाने हलकं चोळा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि रात्रभर सुकू द्या. खालच्या बोर्डावरचे काळे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकदा पुसा. पॉलिश पेपर, थिनर, पेट्रोल, गंजनाशक फवारा यांपैकी काहीही नको, ते कार्बनच उडवतात आणि मग बोर्ड बदलण्यावाचून इलाज राहत नाही. रबर परत बसवताना त्याच्या बारीक खुंट्या भोकांतून बोथट काडीने पूर्ण खाली ढकला. एखादी अर्धवट राहिली की तिथली पट्टी कायमची दाबल्यासारखी वागते.

मुक्या पट्ट्या एक-दोन नसून सलग सहा-आठ असतील, किंवा ठराविक अंतराने प्रत्येक सप्तकात दिसत असतील, तर रबर धुवून उपयोग नाही. पट्ट्या आतून जाळीसारख्या गटागटाने वाचल्या जातात आणि गटाची एक तार गेली की अख्खा गट जातो. बहुतेकदा रिबन केबल सैल झालेली असते. ती काढून पुन्हा घट्ट बसवून बघा, नाही जमलं तर मेकॅनिककडे. लाल मुंग्यांचं वारूळ आत सापडणं हाही पावसाळ्यातला नेहमीचा प्रकार. कापडी झाकण आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवल्या की पुष्कळसं टळतं. प्लॅस्टिकची घट्ट पिशवी मात्र ओल कोंडते.

यामाहाशी तुलना होणारच. त्यांचे पीएसआर-ई मालिकेतले कीबोर्ड पियानो आणि स्ट्रिंग्जच्या आवाजात या किमतीच्या कॅसिओपेक्षा उजवे आहेत, हे मान्य करायला हवं. पीएसआर-ई३७३ चं वजन मात्र ४.६ किलो आहे आणि पेटीसारखा मांडीवर घेऊन बसायला तो अवघड. टेबलावर ठेवून ग्रेडच्या परीक्षा देणाऱ्याने दोन्ही वाजवून ठरवावं, आणि परीक्षेचा अभ्यासक्रम आधी उतरवून घ्यावा, कारण कीबोर्डमध्ये काय-काय हवं ते त्यात लिहिलेलं असतं. डावीकडे तानपुरा आणि उजवीकडे पेटी असे दोन आवाज वाटून हवे असतील तर कॅसिओच्याच सीटी-एक्स७०० कडे वळा. त्यात स्प्लिट, म्हणजे अशी वाटणी, आणि लेयर, म्हणजे दोन आवाज एकावर एक, हे दोन्ही आहे, ६०० आवाज आहेत, आणि आवाजाचा दर्जा एस३०० हून स्पष्टपणे वरचा आहे. तबला, सतार, शहनाई यांवरच भर असेल तर नावापुढे ‘आयएन’ लागलेली भारतासाठीची मॉडेलं ऐका. पण फिरतीवर, ओसरीवर, मांडीवर वाजवायला एस३००च.

जुना घेत असाल तर दुकानातल्या ठेक्यांना भुलू नका, ते वाजवून दाखवणं हा विकणाऱ्याचा हातखंडा असतो. ठेका बंद, पियानोचा आवाज, टच रिस्पॉन्स चालू. डावीकडच्या पहिल्या पट्टीपासून ६१व्या पट्टीपर्यंत प्रत्येक सूर आधी अगदी हळू, मग जोरात वाजवा. हळू दाबूनही ओरडणारी पट्टी बोटावर मोजून ठेवा, त्यावर भाव करा. सेलच्या खणात पांढरी-हिरवी भुकटी आहे का बघा. अॅडॉप्टरची पिन भोकात हलवा. आवाज जात-येत असेल तर टाका सुटलेला आहे, तो भरायला फार खर्च येत नाही. हेडफोन दोन्ही कानांना लावून बघा, एका कानातच आवाज येत असेल तर भोक बदलावं लागेल. आणि शेवटी खालच्या सप्तकातला सा आवाज पाऊण ठेवून दहा सेकंद धरा. स्पीकरचा पडदा फाटलेला असेल तर तो तेवढ्यात खरखरतो.